पिणाऱ्याची जीभ, करणाऱ्याची जीभ

१४ ऑक्टोबर १९७८ रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर स्वाक्षरी केली. विधेयक ट्रक, बस आणि ट्रॅक्टर यांवरील उत्पादनशुल्कासंबंधीचे होते. कँप डेव्हिडचा करार होऊन अजून महिनाही उलटला नव्हता; त्या धामधुमीत अशा रूक्ष कागदाचे कौतुक होण्याचे कारण नव्हते. तथापि त्या विधेयकाच्या पोटात कॅलिफोर्नियाचे सिनेटर अॅलन क्रॅन्स्टन यांनी पुरस्कारलेली एक छोटी तरतूद दडलेली होती. एका प्रौढ व्यक्तीस वर्षाकाठी १०० गॅलन, आणि दोन वा अधिक प्रौढ असलेल्या कुटुंबास २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, बिअर घरच्या घरी आणि कर न भरता तयार करता येईल, असे तीत म्हटले होते. अट एकच होती, ती विकता कामा नये. १ फेब्रुवारी १९७९ पासून ही तरतूद अंमलात आली. ज्याने आयुष्यात बिअरला स्पर्श केलेला नाही अशा वाचकालाही पुढची हकीकत विचार करण्याजोगी वाटावी. कारण एखाद्या समाजात चवीचे जाणकार निर्माण होतात की नुसते ग्राहक, हे कायद्यातील एखाद्या ओळीवर कसे अवलंबून असते, हे तीत दिसते.

अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे दारूबंदी होती. ती उठली तेव्हा घरगुती द्राक्षमद्याला करमाफी मिळाली, बिअरला मिळाली नाही. पुढची पंचेचाळीस वर्षे स्वतःच्या स्वयंपाकघरात वीस लिटर बिअर आंबवणारा गृहस्थ कायद्याच्या लेखी गुन्हेगार राहिला, आणि शेजारी बसून द्राक्षे तुडवणारा निर्दोष ठरला. या अवधीत बिअरच्या उद्योगाचे काय झाले? १८७३ च्या सुमारास त्या देशात बिअरचे ४,००० हून अधिक कारखाने होते. १९७८ पर्यंत ही संख्या शंभराच्या आत आली होती. उरलेले बहुतेक जण एकाच जातीची, फिकट रंगाची, तांदूळ किंवा मका मिसळून हलकी केलेली लागर बिअर बनवीत होते. त्या कारखानदारांना नावे ठेवण्याची पुढे फॅशन झाली, ती अन्यायाची आहे. इतके सौम्य पेय हजारो मैलांवर पसरलेल्या बाजारात वर्षानुवर्षे तंतोतंत एकाच चवीचे ठेवणे हे उच्च प्रतीचे रसायनशास्त्र आहे, आणि त्या सौम्यतेत लहानशी चूकही लपत नाही. तक्रार कौशल्याबद्दल नव्हतीच. दुसरे काही शिल्लक राहिले नाही, ही तक्रार होती.

त्या काळी वेगळी चव हवी असणाऱ्याला आयात केलेल्या बाटलीचा आधार होता. तेथेच या छंदाचा उगम आहे आणि तेथेच त्यातली पहिली निराशाही आहे. बेल्जियमच्या मठातली, बर्टनची किंवा बव्हेरियातली बिअर समुद्र ओलांडून, गोदामात महिनोन्‌महिने तापून जेव्हा दुकानाच्या फळीवर येते तेव्हा तिच्यातला हॉपच्या फुलांचा सुवास बराचसा उडालेला असतो आणि प्राणवायूच्या संसर्गाने भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास लागलेला असतो. हिरव्या काचेतून प्रकाश आत शिरला, तर हॉपमधील कडू द्रव्यांपासून एक गंधकयुक्त संयुग तयार होते आणि त्याची दुर्गंधी स्कंक नावाच्या प्राण्याच्या दुर्गंधीशी नाते सांगते. पुष्कळ भाविक ग्राहकांनी हीच 'परदेशी चव' समजून ती आवडून घेतली. ज्यांनी ती बिअर तिच्या गावी जाऊन प्यायली होती त्यांना मात्र फरक कळत होता. जॅक मॅकऑलिफ हा अमेरिकन नौदलातला तरुण स्कॉटलंडमध्ये नेमणुकीवर असताना ब्रिटिश एलच्या प्रेमात पडला. मायदेशी परतल्यावर तशी बिअर कोठे मिळेना, तेव्हा त्याने घरी करून पाहिलेल्या विद्येच्या बळावर १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे 'न्यू अल्बियन' नावाचा चिमुकला कारखाना काढला. तो १९८२ मध्ये बंद पडला. पण वाट पडली होती.

घरी बिअर करणे म्हणजे नक्की काय, हे सांगितल्यावाचून या छंदाचे मर्म ध्यानात येणार नाही. जवाला मोड आणून ते वाळवले की माल्ट होते. ते भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवले म्हणजे धान्यातील पिष्टाची साखर होते. या तीन अंशांच्या टापूतच बिअरची प्रकृती ठरते. तापमान खालच्या बाजूला राहिले तर पेय सडसडीत आणि कोरडे होते, वरच्या बाजूला गेले तर भरदार आणि किंचित गोडसर. मग तो गोड काढा गाळून हॉपच्या फुलांसह तासभर उकळायचा. आरंभी टाकलेली फुले कडूपणा देतात, अखेरीस टाकलेली सुगंध. नंतर तो झपाट्याने २० अंशांपर्यंत निववून त्यात यीस्ट सोडायचे आणि आठवडा-दोन आठवडे वाट पाहायची. काढ्याची घनता आरंभी १.०५० असली आणि शेवटी १.०१२ वर येऊन थांबली, तर मद्यार्काचे प्रमाण सुमारे पाच टक्के झाले असे समजावे. बाटलीत भरताना लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालून ती आणखी पंधरवडा ठेवली की फेस धरतो. एका खेपेला होते सुमारे १९ लिटर. या सगळ्या खटाटोपाचा निम्म्याहून अधिक भाग भांडी घासण्याचा, धुण्याचा आणि निर्जंतुक करण्याचा असतो. झटपट नशा हवी असलेला मनुष्य या वाटेला जाणार नाही, एवढे तरी त्यावरून मान्य व्हावे.

या कष्टातून जे मिळते ते पेयापेक्षा मोलाचे असते. जिभेला कारणे कळू लागतात. विकतची बिअर पिणारा फार तर 'आवडली' किंवा 'नावडली' एवढेच सांगू शकतो. ज्याने ती केली आहे त्याला बिअरमध्ये लोण्याचा वास आला, तर डायॲसिटिल नावाचे द्रव्य राहून गेले आहे हे कळते. यीस्ट ते आधी निर्माण करते आणि आणखी दोन-तीन दिवस मिळाले तर पुन्हा स्वतःच गिळून टाकते. म्हणजे करणाऱ्याने घाई केली. कच्च्या सफरचंदाचा वास आला तर पेय कोवळे आहे. उकडलेल्या मक्याचा आला तर बहुधा उकळी मंद होती किंवा भांड्यावर झाकण ठेवले होते. केळ्याचा वास आला तर यीस्टला उष्णता अधिक झाली. पण येथे थांबावे लागते. कारण बव्हेरियातील गव्हाच्या बिअरमध्ये हाच केळ्याचा आणि लवंगेचा वास हवा असतो, तिचे ते लक्षणच आहे. एका रागात जो स्वर वादी, तोच दुसऱ्यात वर्ज्य. चांगले-वाईट ठरवण्यापूर्वी समोर कोणता राग मांडला आहे हे ओळखावे लागते, आणि ती ओळख नुसत्या किंमतीच्या चिठ्ठीवरून होत नाही. ज्या गृहिणीने उभ्या आयुष्यात दही लावले आहे तिला ताकाच्या एका घोटावरून विरजण जुने झाले की दूध पुरेसे निवले नव्हते, हे सांगता येते. तिला कोणी रसज्ञ म्हणत नाही, पण तिची जीभ त्याच शाळेत शिकलेली असते.

१९७८ च्या तरतुदीने ही शाळा उघडपणे भरू लागली. कोलोरॅडोतील बोल्डर गावात चार्ली पपाझियन नावाचा शिक्षक कायदा बदलण्यापूर्वीच घरगुती बिअरचे वर्ग घेत असे. त्याने अणुशास्त्राच्या अभियांत्रिकीची पदवी घेतली होती आणि पोटासाठी तो लहान मुलांना शिकवीत असे. डिसेंबर १९७८ मध्ये त्याने घरगुती बिअर करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना काढली. १९८४ मध्ये त्याचे पुस्तक निघाले आणि ते हजारो स्वयंपाकघरांत पाककृतींच्या वहीसारखे डागाळले. १९८५ मध्ये बिअरच्या परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी योजना सुरू झाली. तिच्यातली गुणपत्रिका मासलेवाईक आहे. एकूण गुण ५०. त्यांपैकी सुवासाला १२, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५, एकंदर परिणामाला १० आणि रूपाला अवघे ३. (टापटिपीवर गुण उधळणाऱ्या परीक्षकांनी याची नोंद घेण्यास हरकत नाही.) पण खरे महत्त्व आकड्यांना नाही. परीक्षकाने दोष कोठे आहे आणि तो पुढच्या खेपेला कसा टाळावा, हे करणाऱ्याला शब्दांत लिहून द्यायचे असते. स्वतः कारकून, मास्तर किंवा सुतार असलेला परीक्षक आपल्यासारख्याच दुसऱ्या हौशी माणसाचे काम नाव न कळता चाखतो आणि त्याला पानभर लिहून कळवतो. टीकेची याहून सभ्य पद्धत साहित्याच्या प्रांतातही क्वचित पाहायला मिळते.

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. चिको येथे घरगुती बिअरच्या साहित्याचे दुकान चालवणाऱ्या केन ग्रॉसमनने जुनी दुग्धालयाची भांडी जमवून १९८० मध्ये 'सिएरा नेव्हाडा'ची पहिली बिअर उकळली. १९७२ मध्ये प्रसृत झालेल्या 'कॅस्केड' या हॉपच्या वाणाचा मोसंबीसारखा गंध, ज्याचे काय करावे हे मोठ्या कारखान्यांना उमजत नव्हते, तो या लहान कारखान्यांनी आपलासा केला आणि अमेरिकेला स्वतःची म्हणावी अशी चव मिळाली. शंभराच्या आत आलेले कारखाने आज ९,००० च्या वर आहेत. एका करमाफीच्या ओळीतून इतकी रोजगारनिर्मिती क्वचितच झाली असेल.

यशाने या छंदाचे वाटोळेही बरेच केले. सान डिएगोतील 'बॅलास्ट पॉइंट' हा कारखाना घरगुती बिअरच्या साहित्याच्या दुकानातून उभा राहिला होता. २०१५ मध्ये एका बड्या मद्यकंपनीने तो शंभर कोटी डॉलरला घेतला आणि चारच वर्षांनी विकूनही टाकला. फ्रिट्झ मेटॅग या धुलाईयंत्राच्या कारखानदाराच्या वारसाने १९६५ मध्ये बुडीत निघण्याच्या बेतात असताना वाचवलेली सान फ्रान्सिस्कोची 'अँकर' ब्रुअरी, जी या साऱ्या चळवळीची आजी म्हणता येईल, ती २०१७ मध्ये जपानी कंपनीकडे गेली आणि २०२३ मध्ये तिला टाळे लागले. भांडवलाचे हे वर्तन अनपेक्षित नाही. अधिक खटकणारा बदल चाखणाऱ्यांत झाला. एक नवा वर्ग निर्माण झाला आहे. तो दुर्मिळ बाटलीसाठी पहाटेपासून रांगेत उभा राहतो, दोन घोट घेतो, हातातल्या फोनवर पाचपैकी तारे देतो आणि पुढच्या बाटलीकडे वळतो. हजारो बिअर चाखल्याची त्याची नोंद असते, पण त्यांतली एकही दुसऱ्यांदा प्यायल्याची नसते. पोस्टाची तिकिटे जमवणारा निदान तिकीट सांभाळून ठेवतो. या संग्राहकांच्या ताऱ्यांना भुलून कारखानेही एकाच प्रकारच्या गढूळ, फळांच्या रसासारख्या, हॉपने ओथंबलेल्या एलच्या मागे लागले आहेत, आणि ज्या एकसुरीपणाविरुद्ध हे सारे सुरू झाले होते तो वेगळ्या रंगात परत येऊ पाहत आहे.

करणारा आणि नुसता घेणारा यांतला फरक येथे उघडा पडतो. मात्र तो अवास्तव ताणू नये. ब्रिटनमध्ये १९७१ साली चार मित्रांनी जी मोहीम सुरू केली, जिच्यामुळे पिंपातच मुरणारी पारंपरिक एल सहा बड्या कंपन्यांच्या वायू भरलेल्या बिअरपुढे नामशेष होण्यापासून वाचली, ती मुख्यतः पिणाऱ्यांचीच मोहीम होती. संघटित आणि हट्टी ग्राहकही एखादी परंपरा वाचवू शकतो. पण तेथेही आठ वर्षे आधी, १९६३ च्या अंदाजपत्रकात, अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी घरगुती बिअरसाठी १८८० पासून लागणारा परवाना रद्द केला होता, हे विसरून चालणार नाही. उलट जपानमध्ये १८९९ पासूनची बंदी अजून कायम आहे. तेथे घरगुती बिअरचे साहित्य दुकानात मिळते आणि मद्यार्क एक टक्क्याच्या आत ठेवावा अशी सूचना त्यासोबत येते. ती सूचना कितपत पाळली जाते याची चौकशी जपानी सभ्यतेला धरून कोणी करत नसावे.

महाराष्ट्राची स्थिती यांहून निराळी आणि अधिक विसंगत आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने दारूबंदीचे उद्दिष्ट घालून दिले आहे, १९४९ चा दारूबंदी कायदा अद्याप पुस्तकात आहे, आणि त्याच कायद्याच्या छत्राखाली परवान्यांच्या वाटेने मद्याचा बाजार भरभराटीस आला आहे. २००१ च्या धोरणाने द्राक्षमद्याला उत्तेजन मिळाले. २००९ मध्ये पुण्यात जागेवरच बिअर गाळून देणारे पहिले उपाहारगृह निघाले आणि त्याने 'डूलाली' हे नाव घेतले. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत देवळालीच्या छावणीत कंटाळलेल्या गोऱ्या शिपायांमुळे हा शब्द इंग्रजीत 'डोके फिरलेला' या अर्थाने रूढ झाला होता; नाशिक जिल्ह्याची ही देणगी बिअरच्या पेल्यातून परत आली म्हणायचे. आज पुण्या-मुंबईतला तरुण जबर आयातशुल्क भरलेली बेल्जियन बाटली विकत घेऊ शकतो, तिचे छायाचित्र काढून तारे देऊ शकतो. त्याने तीच बिअर कशी होते हे पाहण्यासाठी घरी एक पातेले चुलीवर चढवले तर तो गुन्हा होतो. कायद्याच्या ६५ व्या कलमात विनापरवाना विकणारा, तयार करणारा, बाटलीत भरणारा आणि त्यासाठी भांडी बाळगणारा हे सारे एका रांगेत उभे आहेत. म्हणजे राज्याला मनुष्याने पिण्याला हरकत नाही, त्याने खर्च करण्याला तर मुळीच नाही; समजून घेण्याला मात्र आहे.

या बाजूला सवलत मागताच दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला, विषारी दारूचा. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. परंतु ती मेली मिथेनॉलने, आणि ते औद्योगिक रसायन नफेखोरीसाठी मिसळले गेले होते. जव आंबवून केलेल्या बिअरमध्ये असले प्राणघातक मिथेनॉल तयार होत नाही. धोका ऊर्ध्वपातनाच्या भट्टीत आणि चोरट्या विक्रीत आहे. म्हणून अमेरिकन कायद्यानेही घरगुती भट्टीला आजवर मुभा दिलेली नाही. दुसरा आक्षेप अधिक जड आहे आणि तो रसायनशास्त्राने सुटत नाही. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती आदिवासी आणि स्त्रियांच्या लढ्यातून; गावोगावी मतदानाने बाटली आडवी करणाऱ्या बायकांनी नवऱ्याच्या पिण्याची किंमत स्वतःच्या अंगावर मोजली आहे. त्यांच्यापुढे केळ्याच्या आणि लवंगेच्या वासाची चर्चा करणे हा उद्दामपणा ठरेल. ज्या घरात एक मनुष्य पितो आणि इतर सोसतात, त्या घरात पिंप ठेवण्याचा हक्क हा कोणाचा हक्क, असा प्रश्न त्या विचारतील, आणि छंदिष्टांनी त्याचे उत्तर देण्याची तयारी ठेवली पाहिजे. रसिकता व्यसनापासून राखते असे म्हणणे बरे वाटते. पण जाणकार जिभेची माणसेही बुडालेली आहेत.

शिवाय आणखी एक गोष्ट आहे, तिचा उच्चार शहरी छंदिष्ट सहसा करत नाहीत. डोंगरातल्या आदिवासी कुटुंबात सणावाराला मोहाच्या फुलांचे पेय करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पोलिसांची धाड पडते ती त्यांच्या मडक्यावर. पुण्याच्या सदनिकेतल्या काचेच्या बरणीवर नव्हे. घरगुती निर्मितीला मुभा द्यायची आणि ती फक्त परदेशी जव, परदेशी हॉप आणि परदेशी यीस्ट परवडणाऱ्यांना लाभावी, असे झाले तर तो कायदा आजच्यापेक्षाही वाईट होईल.

तेव्हा सुधारणा करायचीच तर ती कशी असावी? अमेरिकेचे २०० गॅलन येथे फार होतील. वर्षाला कुटुंबामागे ५०-६० लिटर हौशी माणसाला शिकण्यास पुरे आहेत. विक्री नाही, शहरातल्या सदनिकेत भट्टी नाही, तहसील कचेरीत एक साधी नोंद, आणि घरातल्या सर्व प्रौढांच्या, विशेषतः गृहिणीच्या, सह्या त्या नोंदीवर. मोहाच्या मडक्याला वेगळी, पण आधीची सवलत. अमेरिकेतही १९७८ नंतर निर्णय राज्यांवर सोपवला होता, आणि मिसिसिपी व अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी होकार दिला तो २०१३ मध्ये, म्हणजे तब्बल पस्तीस वर्षांनी. महाराष्ट्रात तो निर्णय राज्याऐवजी ग्रामसभेवर आणि प्रभागावर सोपवावा, आणि जेथल्या स्त्रियांनी बाटली आडवी केली असेल तेथे हे पिंपही आडवे राहावे.